पडवीतला दोर

आमच्या घराच्या पडवीत एका जाड खुंटीला एक दोर टांगलेला असे. घरी पाहुणा आला की त्याची नजर आधी त्या दोराकडे जाई. विहीर बुजून कैक वर्षे लोटली, बैल विकले, मग आता हा वीस वाव लांबीचा दोर कशाला, असे कोणी विचारले म्हणजे आजोबा काही न बोलता नदीच्या दिशेने बोट दाखवीत.

आमचे घर बदलापूरचे, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर. अंबरनाथ-उल्हासनगरच्या चाळींतून आणि इमारतींतून येणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना उल्हास म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली एक निळी रेघ वाटते. आम्हां काठच्या माणसांना ती तशी वाटत नाही. राजमाचीच्या डोंगरातून निघून ही नदी कर्जत, नेरळ करीत आमच्याकडे येते, आणि वाटेतल्या साऱ्या डोंगरांचे पाणी पदरात घेऊन येते. उन्हाळ्यात गरीब गाईसारखी पडून असते. आषाढात मात्र तिचा नेम सांगता येत नाही.

२६ जुलै २००५ च्या पुरात आमच्याकडे जुना काथ्याचा दोर होता. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद झाली. तिकडे मुंबई बुडत होती आणि इकडे आमची आळी. गोठ्यातले पारडू ओढून आणताना तो दोर मधोमध तुटला. पारडू डोळ्यांदेखत वाहून गेले. मी तेव्हा पाळण्यात होतो. ही हकीकत मी ऐकलेली आहे, पण इतक्या वेळा, की ते पारडू मी पाहिले होते असेच मला वाटते. त्यानंतरच्या हंगामाआधी आजोबांनी हा नायलॉनचा तीन पेडांचा दोर आणला आणि खुंटीला लावला. त्याला कपडे वाळत घालायचे नाहीत, गुरे बांधायची नाहीत, लग्नाचा मांडव बांधायचा नाही, असा घरात दंडक होता. देवघरातल्या शंखाला जितका मान, तितकाच पडवीतल्या दोराला.

दरवर्षी मृग नक्षत्र लागले की आजोबा तो खाली उतरवीत. एक टोक मांडीवर घेऊन, डोळे मिटून, सगळा दोर तळहातातून सरकवीत. मी विचारी, "डोळे का मिटता?" ते म्हणत, "दोराचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. हाताला कळतं."

दोर कसा बनतो हेही त्यांनीच मला दाखवले होते. धागे एका दिशेने पिळले की सूत होते. सुते उलट दिशेने पिळली की पेड होतो. आणि तीन पेड पुन्हा त्याच्या उलट पिळले की दोर. एक पीळ सुटू पाहतो तर दुसरा त्याला आवळतो. "एकमेकांच्या उलट वागतात म्हणून एकत्र राहतात, आपल्या घरासारखे," असे म्हणून ते आजीकडे पाहून हसत.

आता माझ्या अपराधाकडे वळतो.

२०१९ साली मी नववीत होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस चांगला लागला होता आणि आवणी व्हायची असलेली खाचरे तुडुंब भरली होती. माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवर आम्ही एक गंमत पाहिली. कुठल्याशा परदेशी तळ्यात एक तरुण फळीवर पाय रोवून उभा आहे, हातात दोराची मूठ आहे, पुढे वेगाने नाव चालली आहे आणि हा मागे पाण्यावर घसरतो आहे, उडतो आहे. या खेळाला वेकबोर्ड म्हणतात एवढे भाऊ सांगू शकला. नाव आमच्याकडे नव्हती, पण भावाची मोटारसायकल होती. खाचराच्या कडेने जाणारा रस्ता होता. सुताराकडून आणलेली एक जाड फळी होती. उरला फक्त दोर.

पुढे कॉलेजच्या वाचनालयात या खेळांची माहिती वाचताना मला मौज वाटली. पाण्यावर असे ओढत नेण्याची सुरुवात अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या लेक पेपिन या सरोवरावर १९२२ साली झाली. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या मुलाने दोन फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात वाकवून वर वळवली आणि पायांना बांधली. नाव त्याचा भाऊ चालवीत होता. ओढायला त्याने घेतली ती खिडकीची तावदाने वरखाली करण्यासाठी वापरतात तसली साधी दोरी. एकोणीस वर्षे पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी तो पाण्यावर उभा राहिला. म्हणजे घरगुती दोर पळवण्यात आम्ही पहिले नव्हतो! आज त्या खेळासाठी न ताणणारे, पाण्यावर तरंगणारे खास दोर बनवतात. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा उलटून अंगावर येतो, म्हणून या कामाला तो मुळीच योग्य नाही. पण हे ज्ञान मला फार उशिरा झाले.

आजोबा दुपारचे झोपले असताना मी दोर उतरवला. भावाने मोटारसायकल सुरू केली. मी फळीवर उभा राहिलो. पहिल्या तीन खेपांना तोंडावर आपटलो, आणि चौथ्या खेपेला खरोखरच उभा राहिलो! चाळीसएक पावले असेन. पण त्या चाळीस पावलांत आभाळ, पाणी आणि मी एवढेच जगात होते. ते सुख खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही.

मग रस्त्यावरची मोरी आली. दोर मोरीच्या दगडी कठड्यावरून करवतीसारखा घासत गेला. भावाने ब्रेक मारला तोवर एक पेड पार तुटला होता आणि दुसऱ्याचे धागे पिंजले होते.

त्याच वेळी घरी जाऊन सांगायचे होते. आजोबा रागावले असते, कदाचित एखादी चपराकही बसली असती, आणि प्रकरण तिथेच मिटले असते. त्याऐवजी मी भावाच्या हत्यारांच्या पेटीतून काळी चिकटपट्टी घेतली. विजेच्या तारांना लावतात ती. तुटका पेड आत दाबला, वर पट्टी घट्ट गुंडाळली, दोराचे वेटोळे केले आणि तो भाग भिंतीकडे करून दोर खुंटीला लावून टाकला. काम इतके सफाईने झाले होते की मला स्वतःचे कौतुकच वाटले.

तीन आठवडे गेले. २६ जुलैची रात्र उलटून २७ उजाडली ती पाण्याच्या आवाजाने. त्याच रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. दिवसभर हेलिकॉप्टर आणि नावा आल्या आणि एक हजाराहून अधिक उतारूंची सुटका झाली, हे साऱ्या देशाने दूरदर्शन संचावर पाहिले. आमची आळी कोणी पाहिली नाही. पाहण्याचे कारणही नव्हते. पाणी दरसाल थोडेफार येते आणि आळीचे आळी निभावून नेते.

आमच्या खालच्या अंगाला एक घर होते. तिथे एक वृद्ध बाई आणि तिची सात वर्षांची नात, दोघीच राहत. सगळी आळी तिला आत्या म्हणे. त्या पहाटे आत्याच्या घरात छातीभर पाणी होते. ती नातीला घेऊन माळ्यावर चढली होती आणि कौले सारून हाका मारत होती. तिच्या दोन शेळ्या पुढच्या ओट्यावर खांबाला बांधलेल्या होत्या. आमच्या जांभळाच्या झाडापासून तिचे घर सतरा वाव. रीत ठरलेली होती. दोराचे एक टोक झाडाला, दुसऱ्या टोकाला ट्रकची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर फळी. काका ट्यूब धरून प्रवाहाबरोबर खाली जाणार आणि माणसे चढली की आम्ही सगळे मिळून ओढणार.

आजोबांनी दोर उतरवला. काका ओरडले, "बाबा, हात फिरवत बसू नका, पाणी चढतंय!" पण त्यांनी डोळे मिटले आणि दोर हातातून सोडू लागले. दहा वाव, बारा, तेरा. हात थांबला.

त्यांनी पट्टी सोलून काढली. पिंजलेले धागे बाहेर आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात आठ माणसे होती, पण त्यांनी इतर कोणाकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कोयता आण," एवढेच म्हणाले.

दोर तिथे तोडला. एक तुकडा तेरा वाव, दुसरा सातच्या आतबाहेर. एकटा कुठलाच पुरणारा नव्हता. काकांनी गाठ मारायला घेतली, तर आजोबांनी त्यांचा हात धरला. गाठीने दोराची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय नायलॉन बुळबुळीत, ओला झाला की गाठ सरकते, आणि पाण्याखाली कुठे अडकली तर ट्यूब मधेच राहायची. नीट सांधलेला दोर मात्र जवळपास अखंड दोराइतका भार घेतो. ते ओट्यावर बसले. दोन्ही टोकांचे तीन-तीन पेड उकलले, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर त्यांची टोके वितळवून घट्ट केली, समोरासमोर घातली आणि एकेक पेड दुसऱ्या दोराच्या पिळाखालून ओवू लागले. एक वर, एक खाली. मी विजेरी धरून उभा होतो. नायलॉनला जास्त ओवण्या लागतात. ते एकही ओवणी कमी करीत नव्हते.

अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात पाणी आमच्या दोन पायऱ्या चढले. आत्याच्या हाका येत होत्या. शेळ्यांचे ओरडणे येत होते. मग हाका येत राहिल्या आणि शेळ्यांचे ओरडणे थांबले.

सांधा झाला. ट्यूब गेली. "दोराच्या रेषेत उभा राहू नकोस," आजोबा मला म्हणाले, आणि आम्ही ओढले. आधी नात आली, मग आत्या. ओढताना तो सांधा माझ्या हातातून गेला. जाड, खरबरीत, गरम. तो क्षणभरच हातात होता, पण त्याचा स्पर्श अजून गेलेला नाही.

आजोबा मला त्या दिवशी रागावले नाहीत, नंतरही नाही. आठ दिवसांनी पाणी ओसरून चिखल वाळल्यावर म्हणाले, "चल, उल्हासनगरला." लोकलने आम्ही अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरला उतरलो. वाटेत मी म्हणालो, "सांधा तर मजबूत झालाय. नवा दोर कशाला?" ते म्हणाले, "सांधा मजबूत आहे. पण जो दोर दगडावर घासला, तो तेवढ्याच जागी दुखावला असेल कशावरून? आणि चौदा पावसाळे झाले त्याला. जीव लावायचा तो दोर संशयाचा नको."

उल्हासनगरच्या मालाबद्दल आपल्याकडे जे विनोद चालतात ते सर्वांना ठाऊक आहेत. मीही दुकानात शंकेखोर चेहरा करून उभा राहिलो. दुकानदार वयस्क सिंधी गृहस्थ होते. आजोबांनी काम सांगताच त्यांनी महाग दोर बाजूला सारला आणि एक पेला पाणी मागवले. नायलॉनचा तुकडा त्यात टाकला, तो बुडाला. पॉलिप्रॉपिलीनचा टाकला, तो तरंगला. "पुरात माणसाच्या हाताला लागला पाहिजे ना? मग हा घ्या. फक्त उन्हात ठेवू नका," म्हणाले. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत ज्यांनी संसार नव्याने मांडला आणि १९४९ साली जिला उल्हासनगर हे नाव मिळाले, तिथल्या माणसांना बुडणाऱ्याला काय लागते हे वेगळे सांगावे लागत नसावे. पैसे देताना मी माझे साठवलेले दोनशे रुपये पुढे केले. आजोबांनी ते घेतले. "राहू दे" म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

जुन्या दोराचे तुकडे झाले. एकावर आज आमचे कपडे वाळतात.

पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, तेव्हा नवा दोर खुंटीवरून उतरला आणि काम करून परत खुंटीवर गेला. आता आजोबा नाहीत. मृग लागला की दोर मी उतरवतो, डोळे मिटतो आणि हात फिरवतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. त्या शेळ्या का गेल्या हे आत्याला कोणी सांगितले नव्हते. आजोबांनी माझी लाज राखली, आणि मी ती राखू दिली. यंदा परीक्षेच्या आधी मी तिच्याकडे गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडीत होती. मी सगळे सांगितले. खाचर, फळी, मोरी, काळी पट्टी. तिने मान वर केली नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "दोन्ही गाभण होत्या."

मी गप्प बसलो. त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

मग तिने सूप खाली ठेवले. "तुझ्या आजोबाचा हात तिथं थांबला नसता तर मी आणि पोर पण गेलो असतो. तुटलं तर तुटलं म्हणून सांगावं रे बाळा. झाकू नये." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ताठ्याने वागणाऱ्या माणसाला ती टोचून म्हणतात. मला ती हल्ली वेगळ्या अर्थाने आठवते. त्या जुन्या दोराचा पीळ माझ्या तळहातात राहिला आहे. मित्रांनो, आपण सारेच काही ना काही मोडतो. मोडलेले सांधता येते, सांधण्याजोगे नसेल तर टाकून नवे आणता येते. दोन्हीला थोडा वेळ आणि थोडे पैसे लागतात. काळ्या पट्टीला काहीच लागत नाही. तिची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी ओट्यावर वसूल होते.