अब्बांची जीप

अब्बा अल्लाहला प्यारे झाले, त्यानंतर त्यांची जीप चार वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. ती विकायला अम्मी तयार नव्हती. शेवटी आम्ही दोघा भावांनी ठरवलं, इंजिन खोलून नीट करून घ्यायचं आणि अम्मीला त्याच गाडीतून मालेगावला, तिच्या माहेरी न्यायचं.

जीप महिंद्राची, उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी. ही कंपनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाने सुरू झाली होती, हे अब्बा पाहुण्यांना हमखास सांगायचे. इंजिन मूळ विलिसचं, हरिकेन नावाचं. यात पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत आणि धूर सोडणारे ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर गेलं. ताकद मात्र बेताचीच.

आम्हाला पिकअप हवा होता. पहिल्या गॅरेजमध्ये सुचवलं, हेड थोडं घासून घेऊ, कॉम्प्रेशन वाढेल, गाडी पळेल. आम्ही लगेच हो म्हटलं. हेड पूर्वी किती वेळा घासलं गेलंय, हे ना त्यांनी मोजलं ना आम्ही विचारलं. गाडी खरोखर पळाली. मालेगावला जाताना आम्ही दोघे खुशीत होतो.

परतताना राहुड घाटाच्या चढावर इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला. दुपारची वेळ, मे महिना, मागे अम्मी आणि दोन लहान मुलं. आवाज ऐकूनही आम्ही पाय दाबतच राहिलो. थोड्याच वेळात निळा धूर निघाला आणि गाडी थांबली. अम्मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिली. तिने एक शब्दही काढला नाही, तेच जास्त लागलं.

द्वारका भागातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी इंजिन खोललं, तर तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन रिंगेच्या खाचेपाशी तुटलेला. नवा पिस्टन टाकायच्या आधी त्यांनी आमच्याकडून हिशेब करवून घेतला. इंजिन २,१९९ सीसीचं, म्हणजे एका सिलिंडरला साधारण ५५० सीसी. कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो ६.९, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्यावर सुमारे ९३ सीसी जागा उरायला हवी. दुसऱ्या एका सिलिंडरचा पिस्टन वर आणून उस्तादांनी प्लगच्या भोकातून सिरिंजने जाड ऑइल भरलं. ७८ सीसीतच जागा भरली. रेशो आठाच्या वर गेला होता, आणि ओव्हरसाइज पिस्टनने त्यात आणखी भर घातली होती.

“आजच्या गाड्या तर दहाच्या रेशोवरही चालतात,” धाकटा म्हणाला.

“चालतात ना बेटा. त्यांच्यात नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो, तो स्पार्क मागे घेतो. तुमच्या गाडीत सेन्सर म्हणजे तुमचे कान. ते कुठे होते?”

त्यांनी क्रँकही दाखवला. चार सिलिंडर, पण त्याला आधार तीनच मेन बेअरिंगचा. वरचा जास्तीचा मार शेवटी तिथेच पोहोचतो. जुन्या हलक्या पेट्रोलवर, कच्च्या रस्त्यावर, कमी वेगात वर्षानुवर्षं ओढत राहावं, म्हणून कंपनीने रेशो कमी ठेवला होता. आम्ही त्याला इंजिनाचा दुबळेपणा समजत होतो.

न घासलेलं हेड मिळायला दोन महिने लागले. धुराच्या व्हॉल्व्हच्या सीटही कडक धातूच्या बसवल्या. २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं नाही, त्यामुळे जुन्या सीट लवकर झिजतात. यात आमची ईदची खरेदी राहून गेली.

आता राहुडच्या चढावर आम्ही गिअर खाली घेतो आणि गप्प बसतो. ट्रक मागून हॉर्न देत पुढे निघून जातात. “असेच चालवायचे तुमचे अब्बा,” अम्मी मागून म्हणते.