धुक्यातला डोंगर, नाडी आणि घड्याळ

“डॉक्टर, पन्नाशीनंतर एकट्याने डोंगर चढावा का?” पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. याला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर नाही. गेल्या ऑगस्टमध्ये एका रविवारी मी विरारचा जीवदानीचा डोंगर आणि त्यानंतर तुंगारेश्वर असे दोन चढ एकट्याने केले. माझं वय ५६. त्या दिवशीच्या नोंदींवरून उत्तर समजायला सोपं जाईल.

जीवदानीला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत आणि भाविकांची सतत ये-जा असते. त्या दिवशी धुक्यामुळे खालचं विरार दिसतच नव्हतं. वर पोहोचताच मनगटावरची नाडी मोजली. मिनिटाला १३६. पाच मिनिटं बसलो आणि पुन्हा मोजली. ९८. श्रम थांबल्यावर नाडी अशी भराभर खाली येणं हे चांगलं लक्षण.

तिथून रिक्षाने महामार्गावरच्या तुंगारेश्वर फाट्यावर आलो. इथून अभयारण्य सुरू होतं. ओढे ओलांडत महादेवाच्या मंदिरापर्यंत गर्दी असते. पुढे परशुराम कुंडाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मात्र माणसं विरळ होत जातात. हवा गार वाटत होती, तहान नव्हती, पाय हलके होते. बरोबर सव्वाबाराला थांबून नाडी मोजली आणि पाच मिनिटं बसून पुन्हा मोजली. ती ११८ च्या खाली येईना. मन म्हणत होतं, पठार जवळच आहे. मी परत फिरलो.

असं का झालं? घाम नुसता येऊन शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. धुक्यात हवा बाष्पाने भरलेली असते. मग घाम वाळत नाही, नुसता निथळतो. उष्णता आतच राहते, ती बाहेर टाकण्यासाठी हृदय त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं आणि त्याच वेळी पायांच्या स्नायूंनाही रक्त हवं असतं. शिवाय घामावाटे पाणी जात असतंच. या सगळ्यामुळे नाडी चढी राहते. ऊन नसल्याने आपल्याला मात्र ते जाणवत नाही.

तहान लागली नव्हती तरी दर वीस मिनिटांनी मी चार घोट पीत होतो. दिवसभरात दोन लिटर झालं, त्यात एक लिटर ओआरएस. खिशात वसईची सुकेळी होती. तरीही घरी येऊन अंग पुसून वजन केलं तेव्हा ते सकाळपेक्षा दीड किलोने कमी भरलं. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. ‘तहान लागली की पिईन’ हा हिशोब पावसाळ्यात चालत नाही. उलट, तासन्‌तास नुसतं साधं पाणी भरमसाट पिणंही चुकीचं. त्याने रक्तातलं सोडियम घटू शकतं.

वेळेसाठी मी एक जुना नियम वापरतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक. चिखल, ओढे आणि वय धरून मी त्याची दुप्पट करतो आणि परतीची वेळ निघण्यापूर्वीच घरी सांगतो.

उतरताना दम लागत नाही, पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं. छोटी पावलं आणि हातात काठी, एवढ्याने गुडघ्यांवरचा भार हलका होतो.

आता मूळ प्रश्न. चालताना छातीत जडपणा येत असेल, चक्कर येत असेल किंवा अलीकडे हृदयाचा त्रास झाला असेल, तर तपासणीशिवाय डोंगर नको. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, तर काही नाडी मंद ठेवतात. अशा वेळी नाडीचा आकडा फसवा ठरतो. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्या. मधुमेह असेल तर खिशात साखर हवीच. चढताना एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग कमी करा.

ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं तर ओलांडू नका. प्रशासनाची बंदी असेल तर जाऊच नका. पायाला खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल आणि महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. लेप्टोचं निदान त्यामुळे लवकर होतं.

बाकी ज्यांची तब्येत ठीक आहे, त्यांनी जरूर जावं. सोबत कोणी असेल तर तो आपला पडलेला चेहरा पाहून “बस जरा” म्हणतो. एकट्याने जाताना ते काम नाडीला आणि घड्याळाला सांगायचं, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकायचं.