उच्चार

दर बुधवारी रात्री आठला धुळ्यातल्या आमच्या दुकानात शिलाई मशीन थांबायची. अब्बा रेडिओ सिलोन लावायचे. केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि लोक सिलोनकडे वळले (केसकर आपले मराठीच!). १९५२ ला सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' अमीन सयानी मुंबईत रेकॉर्ड करायचे, वाजायची कोलंबोहून.

त्या नादात मीही जळगावला एके ठिकाणी निवेदकाची चाचणी दिली. साहेब म्हणाले, "वाचन छान, पण उच्चारात मोहल्ला येतो." घरी सांगितलं, आवाज बसला होता.

पुढे वाचलं, सयानींनाही सुरुवातीला नाकारलं होतं. हिंदीत गुजराती-इंग्रजीची झाक येते म्हणून! आई कुलसुम सयानींच्या 'रहबर' पाक्षिकात हात घालून त्यांची जुबान घडली. एकच हिंदुस्तानी, पण छापायची देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत.

२०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले. नंतर मुंबईला गेलो तेव्हा कुलाब्यात रीगल सिनेमासमोर थांबलो. त्यांचं ऑफिस याच भागात होतं. तिथूनच अब्बांना फोन लावून चाचणीचं खरं सांगून टाकलं.

"मालूम था रे," अब्बा म्हणाले. "उस दिन तेरा आवाज बैठेला कहाँ था?"