आईच्या मागचा डोंगर

राळेगणसिद्धी, ता. पारनेर
दिवाळी पाडवा

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तू चौकट करून भिंतीवर लावलेला आईचा फोटो मोबाइलवर पाहिला. तुझ्या आजीच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा ओळखू येतंय, बघून डोळे भरून आले. पण बाळू, तिच्या आजूबाजूचं सगळं तू कापून टाकलंस. ‘मागे काहीच नव्हतं आत्या, नुसता उजाड डोंगर,’ असं लिहिलंस. त्या उजाड डोंगरासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे.

मूळ फोटो आता माझ्या मांडीवर आहे. पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा, एका कोपऱ्याला ओल लागून बुरशी धरलेली. एका लग्नाला शिरूरहून फोटोवाला आला होता. रोलमध्ये एक फोटो उरला, तो त्याने देवळापाशी काढला. आई यादवबाबांच्या देवळापुढे उभी आहे, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावरचं घमेलं उतरवायच्या बेतात. डावीकडे साल काढलेले तीन ओंडके पडलेत. त्यांतला सगळ्यात जाड ओंडका आपल्या बांधावरच्या लिंबाचा.

तुझ्या जन्माआधी गाव कसं होतं, हे तुझ्या बाबांनी तुला फारसं सांगितलं नसणार. आम्हा भावंडांना ते बोलायला जड जातं. वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोही डोंगरावरून धावत खाली येऊन निघून जायचा. सरकारी पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नसे. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि आम्ही सुकडीवर दिवस काढले. शेतात पिकत नाही म्हटल्यावर गावाने दारू गाळायला घेतली. तीस-चाळीस भट्ट्या होत्या म्हणतात. भट्टीला रोज जळण लागतं. आधी डोंगरावरची झाडं गेली, मग देवळाचं लाकूडही गेलं. होय, देवळाचं. हे अण्णा हजारेंवरच्या पुस्तकांत तू वाचशील. पुस्तकात नसलेली गोष्ट ही, की भट्टीवर मोळ्या वाहणाऱ्यांत तुझे आजोबा होते. वाईट माणूस नव्हता रे. घरात पाच तोंडं होती आणि मजुरी तेवढी तिथेच मिळत होती.

अण्णा १९७५ साली सैन्यातून गावी परतले. १९६५ च्या लढाईत खेमकरणला ट्रकवर होते, सोबतचे मारले गेले, हे वाचले. आल्यावर पदरचे पैसे घालून, वीसएक हजार, त्यांनी पहिलं काय हाती घेतलं असेल, तर देवळाची दुरुस्ती. तेव्हा लोक कुजबुजले, प्यायला पाणी नाही आणि देऊळ कसलं बांधता? आता या वयात मला ते कळतं. गावात सगळ्यांना एकत्र बसायला दुसरी जागाच नव्हती. काम दिसायला लागलं तशी माणसं येऊ लागली, कुणी दगड वाहिले, कुणी बांधावरचं झाड दिलं. एके दिवशी आईने आजोबांना न विचारता आपला लिंब दिला. संध्याकाळी ते आले, बुंधा बघितला आणि एक शब्द न बोलता ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ओंडका देवळापर्यंत ओढायला स्वतः गेले. आजोबा फोटोत नाहीत म्हणून तू विचारलं होतंस. फोटोवाला बोलवत होता, ते कडेला सरकले. डावीकडच्या काठावर धोतराचा सोगा दिसतोय ना, ते तेच आहेत. तू कापलेल्या भागात तोही गेला.

भट्ट्या बंद झाल्या, पण सगळं गोडीगुलाबीने झालं असं मी तुला सांगणार नाही. पिऊन आलेल्याला देवळापुढे खांबाला बांधून पट्ट्याने मारलं जायचं. ज्या बायका घरी मार खात होत्या त्यांना ते न्यायाचं वाटलं, मला मात्र लहानपणी त्या आवाजाने रात्री झोप लागत नसे. चराईबंदी आली तेव्हा आपल्या तीन शेळ्या आईने शिरूरच्या बाजारात विकल्या. येताना ती रस्ताभर बोलली नाही. डोंगर हिरवा झाला त्यात आमच्यासारख्या घरांच्या शेळ्याही गेल्या, याचा फोटो कुणी काढला नाही.

नंतरचे फोटो भरपूर आहेत, कारण नंतर पाहुणे आले. अधिकारी, विद्यार्थी, वर्तमानपत्रवाले. नालाबांध, दगडांच्या ताली, दुरुस्त केलेला पाझर तलाव, शाळा, नापास झालेल्या पोरांना मुद्दाम प्रवेश देणारं वसतिगृह, सगळ्यांचे फोटो निघाले. सामुदायिक लग्नाचाही एक आहे आपल्याकडे. त्यात वाढपी म्हणून तुझे बाबा आहेत, हातात बुंदीची परात, मिसरूड नुकतं फुटलेलं. मांडव आणि भांडी तरुण मंडळाची, त्यामुळे लग्नासाठी कर्ज काढायची वेळ कुणावर येत नसे. धान्य बँकेपुढच्या पोत्यांचा फोटो तर मला फार आवडतो. अडलेल्याने मोजून न्यायचं आणि सुगीला थोडं वाढवून परत आणायचं. आईने दोनदा नेलं, दोनदा फेडलं.

पण ते सगळे फोटो बदल झाल्यावर बघायला आलेल्यांनी काढलेत. आधीचं गाव बाहेरून बघायला कोण येणार होतं? म्हणून आपला हा लग्नातला उरलेला फोटो मला मोलाचा वाटतो. आईच्या मागचा बोडका डोंगर भिंगातून बघ. उतारावर एक झुडूप नाही, पाण्याच्या ओघळी मात्र बोटांच्या रेषांसारख्या स्पष्ट आहेत. त्याच ओघळींवर पुढे बांध पडले.

काल मुद्दाम फोटो घेऊन देवळापुढे त्याच जागी उभी राहिले. आता मधे झाडं आणि घरं आली आहेत, डोंगराचा नुसता माथा दिसतो.

तर बाळू, फोटो परत स्कॅन करायचाय. मी पोस्टाने पाठवणार नाही, हरवला तर दुसरा नाही. मे महिन्यात येशील तेव्हा इथेच कर. कडा कापू नकोस, बुरशीचा डाग पुसू नकोस आणि पाठीमागची बाजूही घे. तिथे निळ्या शाईने ‘राळेगण शिंदी’ लिहिलंय. ते चुकून नाही, जुन्या कागदांत गावाचं नाव तसंच सापडतं. खाली आईचा अंगठा आहे. तिला सही येत नव्हती, पण फोटो आपला आहे म्हणून तिने अंगठा उठवला होता.

सूनबाईंना आणि पिल्लाला आशीर्वाद. येताना भिंग घेऊन ये, माझं तडकलंय.

तुझी,
आत्या