तिसरी पट्टी

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला वहिनींनी दादाची हत्यारे पाटावर मांडली. वाकस, पटाश्या, रंधा, गुण्या, मोठे गिरमिट, सगळ्यांना हळदकुंकू लागले. शेवटी त्यांनी पेटीच्या तळातून दादाचे बॅटरीवरचे ड्रिल मशीन काढले आणि त्याच्याही मुठीवर झेंडूचे फूल ठेवले. "हेही त्यांचंच हत्यार आहे, भाऊजी," असे त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "माजघराचं दार तेवढं दिवाळीच्या आत लागलं तर बरं होईल."

ते दार दादाने स्वतः सागवानाचे घडवले होते. बिजागऱ्या बसवून चौकटीत टांगायचे तेवढे राहिले, आणि तो गेला. दोन वर्षे दार भिंतीला टेकून उभे होते. आमच्या घरात वडिलांची हत्यारे दादाने घेतली, मी खडू घेतला. त्यामुळे दार लावणे हे माझे काम नव्हे, हे सर्वांना ठाऊक होते. पण त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत 'लावतो' म्हणून बसलो.

अडचण एवढीच, की मशीनची बॅटरी मेलेली. दादाने हे मशीन घेतले ते कौतुकाने. सेलूच्या अलीकडे दुधनेकाठी आमचे गाव. तिथली वीज म्हणजे लहरी पाहुणा, केव्हा उठून जाईल याचा नेम नाही. ज्याला तार नाही त्याला विजेच्या जाण्यायेण्याचे सुतक कशाला, असे दादा म्हणे. पण जुन्या बॅटऱ्यांना आयुष्य थोडे. आणि त्या जातीची नवी बॅटरी मला सेलूत मिळाली नाही, परभणीतही नाही.

सणासाठी माझा पुतण्या परभणीहून आला होता. तिथे तो प्लायवूडची कपाटे करतो. त्याच्याजवळ दुसऱ्या कंपनीचे मशीन होते आणि बॅटरी एकच. त्याने पिशवीतून पंजाएवढी एक प्लास्टिकची डबी काढली. तिचे बूड दादाच्या मशीनच्या मुठीत शिरत होते आणि डोक्यावर त्याची बॅटरी सरकत होती. याला ॲडॉप्टर म्हणतात, असे त्याने मला सांगितले. दोन परक्या घरांची सोयरीक जमवणारा मध्यस्थच म्हणा ना!

मला गणिताची गंमत वाटली. दादाच्या जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीत १.२ व्होल्टचे १५ सेल. पुतण्याच्या लिथियमच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे ५. दोन्हीकडे गुणाकार १८! पूर्ण भरली की लिथियमची बॅटरी २१ पर्यंत चढते, म्हणून कुणी तिच्यावर १८ लिहितात, कुणी २०, जिन्नस एकच. मॅट्रिकपुरत्या गणिताने पत्रिका तर छत्तीसच्या छत्तीस गुणांनी जुळली.

आणि खटका दाबला, तर मशीन ढिम्म.

अशा वेळी मशीनला दोन थपडा माराव्या, हे माझे शास्त्र. पुतण्याचे शास्त्र निराळे. त्याने आधी बॅटरी काढून स्वतःच्या मशीनला लावली, ते फिरले. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग बॅटरी ॲडॉप्टरवर बसवून खालच्या टोकाला मीटर लावला, काटा हलेना. म्हणजे दोष मशीनचाही नव्हे, मधल्याचा. बॅटरी पुन्हा बाजूला ठेवून ("ती लावलेली असताना आत काही खुपसायचं नाही, काका, ठिणगी उडते") त्याने ॲडॉप्टरच्या तोंडात विजेरीचा झोत टाकला. आतली एक पितळी पट्टी वाकून मागे दडली होती. ती त्याने हलकेच पुढे ओढली आणि जुन्या मशीनच्या काळवंडलेल्या पट्ट्या माझ्या खिशातल्या खोडरबराने घासल्या. पट्टी सैल राहिली तर मशीन चालते आणि थांबते, आणि जोड तापतो, असेही त्याने बजावले. मग खटका दाबला, आणि वहिनी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. दोन वर्षांनी त्यांनी तो आवाज ऐकला होता.

तेव्हा मी सहज विचारले, बॅटरीला तर तीन-चार पट्ट्या आहेत, ॲडॉप्टरला आत दोनच कशा? तो म्हणाला, "एक धन, एक ऋण. तिसरीवरून बॅटरी मशीनला सांगते, की मी तापलेय, आता पुरे. हे स्वस्तातलं आहे, यात ती पट्टीच नाही. वीज पोचते, निरोप पोचत नाही."

तो हे सहज बोलला. मी मात्र उगाच दाराच्या फळीवरून हात फिरवीत बसलो. कारण त्या बाप-लेकांत दोन वर्षे मी हेच केले होते. सागवान सोडून पोराने प्लायवूड धरले यावरून दोघांचे बोलणे तुटले, आणि निरोप माझ्याकडून जात. पोळ्याला ये म्हणावे, आईला पैसे पोचले म्हणावे. शेवटच्या उन्हाळ्यात दादाला रोज संध्याकाळी ताप भरे. "त्याला सांगू नको," दादा म्हणाला. मी सांगितले नाही. पोरगा आला तेव्हा घरापुढे माणसे जमली होती.

असो. पुतण्या दुसऱ्या दिवशी सकाळीच लग्नाचे आमंत्रण उरकायला मानवतला गेला, आणि बॅटरी माझ्यावर सोपवून गेला. लिथियमची ही जात सोनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्यासाठी झटलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल मिळाले. पण तिचा स्वभाव नाजूक. जुनी बॅटरी पार रिकामी केली तरी सहसा सोसते. हिचा सेल अडीच व्होल्टच्या खाली ओढला की आतून बिघडतो. म्हणून कुठेतरी राखणदार बसवलेला असतो. काही कंपन्या तो बॅटरीत बसवतात, काही मशीनमध्ये. पुतण्याच्या कंपनीने तो मशीनमध्ये बसवला होता, आणि दादाचे मशीन तर जुन्या राज्यातले! मी बिजागऱ्यांची भोके पाडीत राहिलो. मशीन मंदावले, तरी खटका दाबून धरला. ते थांबले तेव्हा बॅटरी तशीच ॲडॉप्टरवर ठेवून जेवायला उठलो, आणि ॲडॉप्टरचा चिमुकला दिवा दोन रात्री तिचे उरलेसुरले रक्त पीत जळत राहिला.

पुतण्या परतला तेव्हा चार्जर तिला घेईना. तांबडा दिवा नुसता उघडझाप करी. मीटरवर १८ च्या जागी ९ देखील भरेनात. दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून तिला जबरीने जागी करता येते असे मी कुठेसे ऐकले होते, तसे सुचवले. तो म्हणाला, "नको. इतकी उतरली की आतलं तांबं विरघळतं, आणि भरताना भलतीकडे जाऊन बसतं. मग आग." एवढेच बोलला. दुसऱ्या दिवशी परभणीत त्याचे काम ठरलेले होते. बॅटरीची किंमत त्याच्या चार दिवसांच्या मजुरीची. मी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत, रागावलाही नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

माणसाने १९७१ साली अपोलो १५ बरोबर बॅटरीवरचे ड्रिल चंद्रावर नेले, आणि तिथेही ते जमिनीत रुतून बसले. आत गेलेली नळी उपसताना डेव्हिड स्कॉट आणि त्याचा सोबती जेरीस आले. हे पुढे वाचनात आले, तेव्हा मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

धनत्रयोदशीला पुतण्या पुन्हा आला, नवी बॅटरी आणि नवा ॲडॉप्टर घेऊन. या ॲडॉप्टरच्या पोटातच राखणदार होता. व्होल्ट ठरल्या हद्दीखाली उतरले की तो आपण होऊन वीज तोडतो. रिकामी बॅटरी ॲडॉप्टरवरून काढायची आणि तिच्या स्वतःच्याच चार्जरवर भरायची, हे त्याने माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. मी वर्गात पाढे घेतो तसे. मग मी दार धरले, त्याने मशीन. वरची बिजागरी बसली, मधली बसली, आणि खालचीच्या दुसऱ्या स्क्रूला मशीन गप्प झाले.

"बंद पडलं का रे?" वहिनींनी आतून विचारले.

"नाही आई, थांबलंय."

त्याने बॅटरी काढून चार्जरवर लावली, आणि अर्ध्या टांगलेल्या दाराला पाचर देऊन आम्ही दोघे उंबऱ्यावर चहा घेत बसलो. थोड्या वेळाने त्याने कप खाली ठेवला आणि विचारले, "काका, त्यांना ताप केव्हापासून येत होता?"

मी सांगायला सुरुवात केली.