बाटलीतलं तीर्थ

फ्लोरिडात डिस्नेच्या उद्यानात ‘स्प्लॅश माउंटन’ होता. ओंडक्याच्या होडीत बसायचं आणि पन्नासेक फुटांवरून पाण्यात कोसळायचं! पण तो बेतला होता १९४६ सालच्या सिनेमावर, आणि त्यातलं काळ्या लोकांचं चित्रण आक्षेपार्ह. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये तो बंद केला. रास्तच झालं. पण काही भक्तांनी तिथलं पाणी, काशीहून गंगेचा गडू आणावा तसं, बाटल्यांत भरून आणलं आणि चक्क विकायला काढलं!

मी पोट धरून हसलो.

“हसा,” सौ. म्हणाली, “चाळ पाडली तेव्हा दाराची कडी कुणी उपटून आणली?”

चाळ पाडायलाच हवी होती. पाय ठेवला की जिना हलायचा. कडी मात्र अजून कपाटात आहे. दार नाही, तरी कधीमधी वाजवून बघतो.