गल्ली मोजा, मग लेन्स घ्या

रायपूरला बदली होऊन दहा महिने झाले. युनिटच्या आवारात कॅमेरा काढायचा नाही, हे आपल्याला सांगायला नको. त्यामुळे हा छंद रविवारच्या आउटपासवर चालतो, आणि माझे बहुतेक रविवार पुरानी बस्तीत जातात. महामाया मंदिर, जैतूसाव मठ आणि आजूबाजूच्या अरुंद गल्ल्या. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांकडे होता, त्यामुळे इथे मराठी कानावर आलं तरी नवल वाटत नाही.

अशाच एका गल्लीत एका आजींनी हटकलं, "काय करून राहिला रे?" अस्सल नागपुरी मराठी. चहा झाला. घर जुनं, कौलारू, मधोमध अंगण आणि तुळस. दिवाळीनंतर ते पाडून सिमेंटची इमारत उठणार आहे. आजींचं म्हणणं एवढंच होतं, "सगळं अंगण आणि सगळी माणसं एका फोटोत बसव."

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला कॅनन आरपी आहे. फुल फ्रेम, पण बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. सोबतचा २४-१०५ झूम ३९५ ग्रॅमचा, आणि २४ वर त्याचं तोंड एफ ४ पेक्षा जास्त उघडत नाही. अंगणात दुपारीही उजेड कमीच. म्हणून छोटी, स्वस्त वाइड प्राइम घ्यायचं ठरवलं.

तीन पर्याय समोर होते. २८ एफ २.८ फक्त १२० ग्रॅमची, खिशात मावते. २४ एफ १.८ मध्ये स्टॅबिलायझेशन आहे, उजेडही भरपूर घेते, पण वजन २७० ग्रॅम आणि किंमत बाकी दोघींच्या जवळपास दुप्पट. १६ एफ २.८ ही १६५ ग्रॅमची, किमतीला २८ च्याच पंगतीतली.

आता हिशेब. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ ला लेन्सच्या आकड्याने भागा आणि भिंतीपासूनच्या अंतराने गुणा. तेवढी रुंदी फोटोत येते. अंतर मोजायला टेप लागत नाही, आपलं परेडचं पाऊल ३० इंचांचं. अंगणात पाठ भिंतीला टेकवून उभं राहिलं की समोरची भिंत पाच पावलांवर, म्हणजे साडेबारा फूट. समोरची बाजू दहा पावलं, पंचवीस फूट. २८ मध्ये तिच्यातले सोळा फूट मावतात, २४ मध्ये पावणेएकोणीस, १६ मध्ये अठ्ठावीस. प्रश्न तिथेच मिटला. १६ मागवली.

ही लेन्स लाडकी म्हणावी अशी नाही. रेषांचा बाक ती सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडते. कॅमेऱ्यातल्या जेपेगमध्ये तो आपोआप निघतो, रॉ फाइलला प्रोफाइल लावावं लागतं. कॅमेरा जरा वर झुकला की खांब एकमेकांवर कलतात. आणि कडेला उभ्या माणसाचा चेहरा ताणला जातो. म्हणून आजी आणि सुना तुळशीपाशी मधे बसवल्या, पोरं त्यांच्या मागे, आणि कडेला फक्त खांब, दारं, रांजण ठेवले. कॅमेरा छातीच्या उंचीवर, अगदी सपाट. एफ २.८ म्हणजे एफ ४ च्या दुप्पट उजेड. तो त्या सावलीत कामी आला. मोठी प्रिंट फ्रेम करून दिली. आजींनी आधी माणसं नाही पाहिली, डाव्या कोपऱ्यातलं बंद दार पाहिलं. "ही यांची खोली," म्हणाल्या. २४ ने ते दार कापलं असतं.

निकॉनवाल्यांसाठी २६ एफ २.८ आहे, १२५ ग्रॅम. निकॉन आणि सोनी दोन्हींसाठी विलट्रॉक्सची २० एफ २.८ मिळते, १५७ ग्रॅम आणि खिशाला परवडणारी. एपीएस-सी कॅमेरा असेल तर ३६ च्या जागी साधारण २३ धरा. कॅननची १६ तिथे जवळपास २६ सारखी दिसते, म्हणजे गल्लीसाठी पुरेल, अंगणासाठी नाही.

नुसतं रस्त्यावर फिरायचं असेल तर २८ घ्या, ती रोज सोबत राहील. पण एखादं घर, एखादं अंगण डोळ्यांसमोर असेल, तर आधी तिथे जाऊन पावलं मोजा. आणि या सुट्टीत गावाकडचं जुनं घर अजून उभं असेल, तर सुरुवात तिथूनच करा.